मे अर्धा होत आला तरी वाफ्यात काटक्याच – खणून टाकू का?

ओलसावली – १२ मे

आधीच सांगते, मी उतावळी आहे. पेरलेलं बी उगवलं का ते बघायला दुसऱ्या दिवशी माती उकरणारी मी. तेव्हा उत्तर देताना तेवढं सांभाळून घ्या.

आम्ही अमेरिकेत, मिनेसोटात राहतो. झोन ४. म्हणजे हिवाळ्यातली सगळ्यात गारठ्याची रात्र साधारण उणे २० ते उणे ३० फॅरनहाइटच्या मधली. घरासमोर दक्षिणेला लॉनचा दहा बाय बारा फुटांचा तुकडा होता. गेल्या उन्हाळ्यात त्यावर पुठ्ठे अंथरून गवत मारलं आणि तिथे प्रेअरीतल्या, म्हणजे गवताळ माळरानातल्या, मूळच्या इथल्याच झाडांचा वाफा करायचा घाट घातला. माती चिकण आहे, ओली असताना बुटाला दोन किलो चिकटते. म्हणून कंपोस्टच्या चार गोण्या त्यात कालवल्या.

रोपं आणायला उशीर झाला. (कारण मीच. यादी करण्यातच सप्टेंबर गेला.) २४ ऑक्टोबरला अडतीस छोटी रोपं लावली, प्लग म्हणतात ती, अंगठ्याएवढ्या मुळांच्या गड्ड्याची: बटरफ्लाय वीड ६, लिटल ब्लूस्टेम गवत १०, मेडो ब्लेझिंग स्टार ६, वाइल्ड बर्गमॉट ६, प्रेअरी स्मोक ६, कोनफ्लॉवर ४. सगळ्यांच्या चिठ्ठीवर ‘झोन ४ पर्यंत तग धरते’ असं छापलेलं.

यंदा बर्फ फार कमी पडला. आम्ही खूश होतो, फावडं मारावं लागलं नाही म्हणून. मार्चमध्ये वाफा बघायला गेले तर अकरा रोपं जमिनीच्या वर येऊन आडवी पडलेली! कुणी उपटून ठेवल्यासारखी, गड्डा जसाच्या तसा. ती मी अंगठ्याने परत दाबली.

आजची स्थिती: बर्गमॉट सहाच्या सहा हजर. पान चुरडलं की तो ओव्यासारखा वास येतो, त्यामुळे खात्री आहे. प्रेअरी स्मोक हिरवं आहे, दोघांना तर गुलाबी मान खाली घातलेल्या कळ्याही आल्यात. कोनफ्लॉवर चारपैकी तीन. पण बटरफ्लाय वीड शून्य, ब्लेझिंग स्टार शून्य, आणि लिटल ब्लूस्टेमच्या जागी वाळक्या काड्यांचे दहा झुबके. ओढून बघितलं तर निघत नाहीत, पण हिरवं औषधालाही नाही.

शिवाय दोन पोटप्रश्न. एप्रिलच्या सुरुवातीला खिडकीत ट्रे ठेवून स्वॉम्प मिल्कवीडचं बी पेरलं होतं. चाळीस बिया, उगवल्या दोन. बी जुनं होतं का? आणि वाफ्याच्या कडेला मी गेल्या वसंतात ‘रानफुलांचं मिश्रण’ असं लिहिलेलं एक पाकीट उधळलं होतं, तिथे मात्र आता दणकट केसाळ पानांचे गोल पसारे आलेत, काहींनी दांडे सोडलेत. जे मागितलं नव्हतं ते जोरात आहे.

नवऱ्याचं म्हणणं, मेलेलं खणून टाकावं आणि पुन्हा लॉन लावावं, नाहीतर शहराची नोटीस येईल. मला शनिवारी मोकळा वेळ आहे आणि फावडं हाताशी आहे. काय करू?

---

दोन_पानी – १२ मे

फावडं गॅरेजमध्ये ठेवा. गॅरेजला कुलूप लावा. किल्ली नवऱ्याकडे नको, शेजाऱ्याकडे द्या. बाकीचं पानगळ सांगतीलच.

---

पानगळ – १३ मे

दोन_पानींनी माझं नाव घेतलंच आहे, तर सविस्तर लिहितो. चौदा वर्षं हाच उद्योग करतोय, आणि त्यातली पहिली तीन फक्त तुमच्यासारखं उकरण्यात गेली.

माझं पहिलं बटरफ्लाय वीड मी स्वतःच्या हाताने मारलं. तारीखसुद्धा लक्षात आहे, १९ मे. आजूबाजूला सगळं हिरवंगार, ह्याच्या जागी नुसती माती. मेलं म्हणून फावडं घातलं, तर ‘कट’ असा गाजर मोडल्यासारखा आवाज आला. हातात आलं ते सोटमुळाचं वरचं टोक, बोटाएवढं जाड, आतून पांढरं आणि रसरशीत. त्याच्या डोक्यावर तीन कोंब होते, फिकट गुलाबी, तांदळाच्या दाण्याएवढे. जमिनीच्या जेमतेम दोन बोटं खाली. आणखी दहा दिवस धीर धरला असता तर वर आले असते. उरलेलं मूळ खाली तसंच राहिलं, ते काही परत फुटलं नाही. तेव्हापासून प्रत्येक बटरफ्लाय वीडशेजारी मी शरद ऋतूतच रंगवलेली काठी रोवतो. काठी झाडासाठी नाही, माझ्यासाठी.

तर १२ मेला बटरफ्लाय वीड दिसलं नाही ही बातमीच नाही. तुमच्या-आमच्या भागात ते मे संपता संपता, कधी जून उजाडल्यावर डोकं काढतं. माती थंड आणि चिकण असेल तर आणखी उशिरा.

लिटल ब्लूस्टेमचं तेच, पण कारण वेगळं. तुमच्या लॉनमधलं केंटकी ब्लूग्रास थंड हवेतलं गवत, बर्फ वितळला की हिरवं. ब्लूस्टेम उन्हाळी गवत. मका किंवा ज्वारी जशी माती तापल्याशिवाय हलत नाही, तसंच हे. ह्याची वाढ खरी जून ते ऑगस्ट. आत्ता एवढंच करा: झुबका चार बोटं उंचीवर कात्रीने कापा आणि गुडघे टेकून मुळाशी बघा. वाळक्या काड्यांच्या मध्ये सुईसारखी निळसर-जांभळट टोकं दिसतील. आज नाही तर पंधरा दिवसांनी. आणि ‘ओढून निघत नाही’ ही तुम्हीच दिलेली सगळ्यात चांगली खबर आहे. मेलेला गड्डा वसंतात हातात येतो.

आता त्या अकरा रोपांबद्दल. खरी चूक तिथे झाली आहे, आणि ती थंडीची नाही.

चिकणमाती पाणी धरून ठेवते. ते गोठताना मातीत बर्फाचे पातळ थर तयार होतात आणि खालचं पाणी वर ओढून घेत जाड होत जातात. जमीन फुगते, तिच्याबरोबर रोप वर उचललं जातं. दुपारी वरचा इंचभर वितळला की माती खाली बसते, रोप मात्र वरच राहतं, कारण त्याच्याखाली माती घरंगळून भरलेली असते. रात्री पुन्हा तेच. वीस-पंचवीस वेळा असं झालं की रोप आपोआप बाहेर. ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला लावलं असतं तर मुळं गड्ड्याच्या बाहेर पडून शेजारच्या मातीत शिरली असती, आणि त्यांनी धरून ठेवलं असतं. जमीन गोठायच्या आधी निदान सहा आठवडे मिळायला हवेत. २४ ऑक्टोबर म्हणजे तुम्ही रोपं लावली नाहीत, नुसती ठेवलीत.

त्यात बर्फ नव्हता. फावडं मारायला लागलं नाही म्हणून आपण खूश होतो, पण फूटभर भुसभुशीत बर्फ म्हणजे जमिनीवरची गोधडी. तिच्याखाली माती एकाच तापमानाला पडून राहते, उघड्या जमिनीसारखी रोज गोठत-वितळत नाही. ज्या वर्षी बर्फ भरवशाचा नसतो त्या वर्षी ते काम पालापाचोळ्याने करायचं. पण लक्षात ठेवा, पाला नोव्हेंबरअखेर, जमीन एकदा कडक झाल्यावर घालायचा. लोक उबेसाठी आधीच घालतात आणि उंदरांना घर बांधून देतात. पाला जमीन गरम ठेवायला नसतो, गारच ठेवायला असतो.

झोनचं एक सांगून टाकतो, कारण ‘झोन ४ होता तरी मेलं’ हे गाऱ्हाणं दर वसंतात ऐकू येतं. अमेरिकी कृषी खात्याचा तो नकाशा फक्त एक आकडा सांगतो: तुमच्याकडे वर्षातली सर्वांत थंड रात्र सरासरी किती थंड असते. २०२३ साली नवा आला, तो १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या नोंदींवरून केलेला. बर्फ किती, माती कसली, हिवाळ्यात पाणी साचतं का, यातलं काहीही त्यात नाही. चिकणमातीत पाणी साचून कुजलेल्या मुळाला झोन ४ ची चिठ्ठी वाचता येत नाही.

कंपोस्टच्या चार गोण्या... असो. झालं ते झालं. पुन्हा घालू नका. ही झाडं खत न घातलेल्या जमिनीत वाढलेली जात. सुपीक वाफ्यात ती उंच, लुसलुशीत होतात आणि ऑगस्टमधल्या पहिल्या वादळात आडवी पडतात. ब्लूस्टेम तर खास. माझ्याकडे खडबडीत उतारावरचं ब्लूस्टेम नोव्हेंबरपर्यंत तांबूस उभं असतं, आणि भाजीच्या जुन्या वाफ्यातलं दर वर्षी लोळण घेतं.

बटरफ्लाय वीडला चिकणमाती तशीही मानवत नाही. त्याला निचऱ्याची, रेताड जमीन लागते. यंदा जगलं तर राहू द्या, पण पुढच्या वेळी तिथे स्वॉम्प मिल्कवीड लावा. ओल धरणारी चिकणमाती त्याला आवडते, आणि मोनार्क फुलपाखराच्या अळ्यांना दोन्ही चालतात.

ब्लेझिंग स्टारबद्दल मात्र बातमी बरी नसावी. त्याला जमिनीत बटाट्यासारखा छोटा कंद असतो आणि व्होल म्हणजे शेपूट-आखूड रानउंदीर त्यावर टपलेले असतात. रोपाच्या जागी बोट घालून बघा. बोट सहज खाली गेलं, पोकळ लागलं, तर कंद उंदराच्या पोटात गेला असं समजा.

शनिवारी काय करायचं? एकाच बटरफ्लाय वीडची वरची माती फुंकर मारल्यासारखी, बोटाने, बाजूला करा. कोंब दिसला की झाका आणि घरात जा.

---

बीजकोश – १३ मे

मिल्कवीडच्या बियांबद्दल. बी जुनं नव्हतं, त्याला हिवाळाच मिळाला नव्हता.

थंड प्रदेशातल्या बऱ्याच रानझाडांचं बी शरदात पडतं. ते लगेच उगवलं तर कोवळं रोप डिसेंबरात मरणार. म्हणून बियांच्या आत एक अडसर असतो, आणि गार, ओलसर असे काही आठवडे काढल्याशिवाय तो निघत नाही. गार आणि ओलसर, दोन्ही एकदम हवं. कोरडं पाकीट फ्रिजमध्ये सहा महिने ठेवलं तरी काही होत नाही, ही चूक सगळे करतात, मीही केली आहे.

मिल्कवीडला साधारण ३० दिवस पुरतात. मूठभर ओली वाळू घ्या, दाबली तर पाणी गळू नये इतकीच ओली. त्यात बी मिसळून झिपवाल्या पिशवीत घाला, तारीख लिहा आणि फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवा. फ्रीझरमध्ये नाही. आज ठेवलंत तर जूनच्या मध्यावर पेरता येईल, ऑगस्टअखेर लावण्याजोगी रोपं होतील. तुमच्या ट्रेमधली माती फेकू नका मात्र, न उगवलेल्या अडतीस बिया अजून जिवंत असू शकतात. ट्रे बाहेर सावलीत ठेवून हिवाळाभर विसरा.

त्याहून सोपं म्हणजे हे काम हिवाळ्याकडूनच करून घेणं. दुधाचा गॅलनचा पारदर्शक प्लास्टिकचा कॅन असतो ना, तो मूठ जिथे खाली जुळते तिथे आडवा कापायचा, मुठीखालचा थोडा भाग बिजागरीसारखा जोडलेला ठेवायचा. बुडाला भोकं, चार बोटं माती, पाणी, बी. वरचा भाग मिटून चिकटपट्टी, झाकण काढून टाकायचं, तिथून बर्फ आणि पाऊस आत जाईल. डिसेंबरच्या शेवटी अंगणात उघड्यावर ठेवून द्यायचे. बर्फात बुडाले तर उत्तम. एप्रिल-मेमध्ये आत हिरवं दिसायला लागतं. ऊन कडक झालं की दिवसा वरचा भाग उघडायचा, एवढंच काम. यंदा माझे बावीस कॅन होते, सतरा उगवले. चिठ्ठी बाहेरून मार्करने लिहू नका, उन्हाने पुसली जाते. माझ्याकडे दोन कॅन आत्ता ‘बघू काय निघतंय’ या नावाने उभे आहेत.

अपवाद दोन्हीकडचे आहेत. वाइल्ड बर्गमॉटला थंडी लागत नाही, नुसतं मातीवर भुरभुरवा, वर माती लोटू नका, बारीक बियांना उजेड लागतो. उलट ट्रिलियम नावाचं रानफूल दोन हिवाळे घेतं. पहिल्या हिवाळ्यानंतर खाली नुसतं मूळ, वर काही नाही, पान दुसऱ्यानंतर. ओलसावली, तुमचा स्वभाव वाचून सांगते, ट्रिलियमच्या वाटेला जाऊ नका.

---

चौकट – १३ मे

ते ‘जे मागितलं नव्हतं ते जोरात आहे’ वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. कडेच्या पसाऱ्याचं पान जवळून बघा: भाल्यासारखं, कडेला दाते, दोन्ही बाजूंनी केसाळ, आणि दांड्यावर पानं एकाआड एक? तसं असेल तर बहुतेक ते डेम्स रॉकेट आहे. मूळचं युरेशियाचं, पण ‘रानफुलांच्या मिश्रणा’त पूर्वापार घुसलेलं. पहिल्या वर्षी जमिनीलगत पसारा, दुसऱ्या वर्षी कमरेएवढं, जांभळ्या-पांढऱ्या सुवासिक फुलांचं. इतकं देखणं की उपटवत नाही, आणि तिथेच फसगत. एक झाड शेकड्यांनी बी टाकतं आणि रानाच्या कडेने पसरत जातं. लोक त्याला फ्लॉक्स, हे दुसरंच फुलझाड, समजतात. फुलाला पाकळ्या चार असतील तर रॉकेट, पाच असतील तर फ्लॉक्स. फ्लॉक्सची पानं समोरासमोर जोडीने असतात.

पाऊस पडून गेल्यावर उपटा, मुळासकट सहज येतं. फुलं आली असतील तर कंपोस्टात टाकू नका, कापल्यावरही शेंगा पिकतात. पाकिटावर नुसतं फुलांचं चित्र असेल आणि आतल्या जातींची नावं नसतील तर ते घेऊच नये. आणि नावं असली तरी ‘रानफूल’ म्हणजे इथलं असं नव्हे. कुठल्या तरी रानातलं, एवढाच त्याचा अर्थ.

जाता जाता: कोनफ्लॉवर कुठलं लावलंय? पर्पल कोनफ्लॉवर असेल तर ते मिनेसोटात मूळचं नाही. इथलं ते अरुंद पानांचं, पश्चिमेकडच्या कोरड्या प्रेअरीतलं.

---

दोन_पानी – १३ मे

चौकट, खरं आहे, पण बाईंची चार रोपं आहेत आणि त्यातलं एक आधीच गेलं. भुंग्यांनी आतापर्यंत कुणाचा रहिवासी दाखला मागितल्याचं मी ऐकलेलं नाही. लागलेलं राहू द्या. फक्त दुहेरी पाकळ्यांच्या, पोळीसारख्या फुगीर जाती आणू नका. त्यात मधल्या बोंडाच्या जागीही पाकळ्याच असतात, मधमाशीला बसायलाही काही उरत नाही आणि प्यायलाही.

---

चौकट – १३ मे

काढा असं मी म्हटलंच नव्हतं. माहीत असावं म्हणून सांगितलं.

---

हद्दीवर – १४ मे

नोटिशीचं मी सांगतो, मला आलेली आहे.

बऱ्याच शहरांत गवताच्या उंचीचा नियम असतो, आठ-दहा इंचांचा. पण मिनेसोटात २०२३ च्या कायद्याने शहरांना ‘देखरेखीखालची नैसर्गिक लागवड’ करू द्यावीच लागते, आठ इंचांवर वाढली आणि बी धरलं तरी. मेख दोन ठिकाणी आहे. ती लागवड ठरवून केलेली आणि राखलेली हवी, लॉन नुसतं कापायचं सोडून दिलं तर ते त्यात बसत नाही. आणि राज्याच्या घातक तणांच्या यादीतलं काही त्यात नको. तेव्हा वाफ्याचा आराखडा, रोपांची यादी आणि दर महिन्याचा एक फोटो ठेवा. माझ्या वेळी मी कागद पुढे ठेवले आणि प्रकरण दहा मिनिटांत मिटलं.

तरी कायद्याच्या आधी शेजारी येतात. वाफ्याभोवती दीड फूट रुंद लॉनची पट्टी ठेवा आणि ती न चुकता कापा. कडेला बुटकी झाडं, उंच आत. तुमचं प्रेअरी स्मोक रस्त्याच्या बाजूला हवं. जूनमध्ये त्याच्या गुलाबी धुराच्या पिसाऱ्यापाशी लोक स्वतः थांबतात. मला वाटतं निम्मी तक्रार झाडांची नसते, ‘इथे कुणाचं लक्ष आहे का’ ही असते. कापलेली कड दिसली की तेवढी मिटते.

मीठ टाकता का पायवाटेवर? टाकत असाल तर कडेचा पहिला फूटभर मोकळा सोडा, खारट बर्फ तिथेच ढकलला जातो.

---

ओलसावली – १४ मे

सगळ्यांचे मनापासून आभार. पानगळ, ‘लावली नाहीत, नुसती ठेवलीत’ हे वाक्य नवऱ्याने मोठ्याने दोनदा वाचून दाखवलं.

कडेची पानं केसाळ, दातेरी, एकाआड एक. आज संध्याकाळी पाऊस आहे, उद्या उपटते.

ब्लेझिंग स्टारच्या दोन जागी बोट सरळ आत गेलं. उरलेल्या चारपैकी तीन म्हणजे मी अंगठ्याने परत दाबलेलीच आहेत, तिथे माती घट्ट आहे पण गड्डा पार सुकून खडखडीत. एक ठीक वाटतोय.

एक राहिलं: गेल्या वर्षी शेजारच्या जुन्या वाफ्यातले वाळके दांडे मी ऑक्टोबरातच जमिनीलगत कापले होते. तेही चुकलं का?

---

पानगळ – १४ मे

चुकलं, पण सगळेच तसं करतात. वाळके दांडे हिवाळाभर उभे ठेवा. बोंडांतलं बी पाखरं खातात, दांड्यांमुळे बर्फ अडून वाफ्यावर साचतो, म्हणजे गोधडीही जाड होते. कापायचे वसंतात, आणि तेही जमिनीलगत नाही, आठपासून चोवीस इंचांपर्यंत कमी-जास्त उंचीचे खुंट ठेवून. पोकळ किंवा भेंडासारखा गर असलेल्या दांड्यांच्या कापलेल्या तोंडातून छोट्या एकांड्या मधमाश्या आत शिरतात. बर्गमॉटचे दांडे त्यांना फार आवडतात. उन्हाळ्यात आत अंडी घालतात, पिल्लं पुढचा हिवाळा तिथेच काढतात. म्हणून ते खुंट पुढच्या वर्षीही काढायचे नाहीत. नवी पानं वाढली की जूनमध्ये दिसतही नाहीत.

खाली पडलेला पालाही झाडून नेऊ नका. व्हायोलेटवर वाढणाऱ्या फ्रिटिलरी फुलपाखरांच्या अळ्या अंड्यातून बाहेर पडल्या पडल्या, काही न खाता, त्या पाल्यात हिवाळा काढतात. टाचणीच्या टोकाएवढ्या असतात. लीफ ब्लोअरला त्या दिसत नाहीत.

---

ओलसावली – १० जून

हिशेब द्यायला आले.

त्या शनिवारी एका बटरफ्लाय वीडची माती बोटाने बाजूला केली. खाली खडूच्या टोकाएवढा कोंब होता, गुलाबीसर. झाकला आणि घरात गेले. (दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायला गेले. माती उकरली नाही, फक्त उभी राहिले.) २७ मेला त्याने डोकं काढलं, मऊ लव असलेलं, पानं दांड्याला चिकटवून ठेवलेलं. आता सहापैकी चार आहेत. ब्लूस्टेम दहापैकी आठ, पानगळ म्हणाले तशी निळसर टोकं मुळाशी २२ मेला दिसली, आता वीतभर आहे. बर्गमॉट आणि प्रेअरी स्मोक पूर्ण, कोनफ्लॉवर तीन, ब्लेझिंग स्टार फक्त एक. अडतीसपैकी अठ्ठावीस. मार्चमध्ये वर आलेल्या अकरांपैकी जगली तीनच: प्रेअरी स्मोक दोन, ब्लूस्टेम एक.

डेम्स रॉकेट दोन कचऱ्याच्या पिशव्या भरून निघालं. एकावर फूल आलं होतं. चार पाकळ्या.

काठ्या रोवल्या आहेत, लाल रंगाच्या. मिल्कवीड फ्रिजमध्ये आहे, परवा बाहेर काढायचं.

नवी तक्रार. त्या एकुलत्या एक ब्लेझिंग स्टारचा दांडा सहा इंचांचा झाला होता. आज सकाळी बघते तर दोन इंचांचा. कापणी इतकी स्वच्छ, तिरकी, जणू कुणी धारदार कात्रीने काढावी. नवऱ्याला विचारलं, त्याने शपथ घेतली. हरीण असेल का?

---

पानगळ – १० जून

हरणाला वरचे पुढचे दात नसतात, ते ओढून तोडतं, टोक चिंध्या झाल्यासारखं राहतं. स्वच्छ तिरकी कापणी म्हणजे ससा. कंद शाबूत असेल तर पुन्हा फुटेल, यंदा फूल नाही आलं तरी चालेल. बारीक भोकांची जाळी घ्या, दोन फूट उंच, गोल वळवून रोपाभोवती उभी करा आणि खालची कड दोन इंच मातीत गाडा.

आजच करा. तो रात्री परत येतो.